आत्या बरी होतेय

तर ही जी ताई, तिचं काम काय होतं, तर पोरांकडून गोष्ट काढून घ्यायची. आता कॉलेजात अॅडमिशन मिळवून देणारी ऑफिसं गल्लोगल्ली असतात, फॉर्म भरून देतात, तारखा सांभाळतात, पालकांचे रक्तदाब सांभाळतात. पण हिचं ऑफिस जरा वरच्या पातळीवरचं. मोठ्या कॉलेजांत ती मुलाखत असते ना, तीन माणसं समोर बसतात आणि गोड हसून म्हणतात, ‘तुझ्याबद्दल सांग’, त्या एका वाक्याची तयारी इथे महिनोन्‌महिने चालायची. ऑफिसचे मालक म्हणजे सर, त्यांचं म्हणणं साधं. मार्क काय, सगळ्यांनाच असतात. गोष्ट एखाद्याकडेच असते.

आणि ताई त्यात पटाईत. टाइल्सच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर ऑफिस, आत एक काचेची खोली, तिथे ती पोराला बसवायची, पाण्याचा ग्लास पुढे करायची आणि गप्प बसायची. नुसती गप्प. पोरं सतरा-अठरा वर्षांची, त्यांना गप्प बसणारी मोठी माणसं कुठे माहीत असतात? मग ती चुळबुळायची, आणि मग सुटायची. कोणाचा कुत्रा मेलेला, कोणाच्या बाबांची नोकरी गेलेली, एक जण तर तोतरा होता आणि ते त्याने आयुष्यात पहिल्यांदा हिला सांगितलं, तेही तोतरं बोलतच. सगळे तिला ताई म्हणायचे, शिपायापासून पालकांपर्यंत. एक नियम मात्र तिने स्वतःला घालून घेतला होता. खोटं एक अक्षर सांगायचं नाही. जे खरं आहे ते फक्त नीट लावायचं, पाहुणे यायच्या आधी आपण खोली लावतो तसं.

त्या वर्षी ठकी आली. ठकी हे तिचं घरातलं नाव, आणि ती दिसायलाही त्या लाकडी ठकीसारखीच, बाहुलीसारखी होती, गोल चेहरा, नीट भांग, डोळे असे स्थिर की रंगवलेले वाटावेत. बरोबर आई. मार्क उत्तम, पोहणं येतं, चित्रं काढते, कधी आजारी नाही, कधी नापास नाही, आईबाबांचं भांडण नाही. ताईने अर्धा तास गप्प बसून पाहिलं. ठकी पण गप्प. ताईच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं की समोरचं पोर तिच्यापेक्षा जास्त वेळ गप्प बसलं.

शेवटी आईच म्हणाली, “हिचं सगळं सुरळीत झालंय हो. आमचंच चुकलं म्हणा.”

ताई हसली. आई हसली नाही.

“घरी कोण कोण असतं?” ताईने विचारलं.

“आई, बाबा, मी,” ठकी म्हणाली. “आणि आत्या.”

आणि ती आत्या निघाली. म्हणजे गोष्ट निघाली. बाबांची थोरली बहीण, लग्न नाही केलेलं, पहिल्यापासून यांच्याकडेच. दोन-तीन महिन्यांपूर्वी बाथरूममध्ये घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आत रॉड बसवला. आता वॉकर धरून खोलीभर चालते. सकाळी व्यायाम घ्यायला एक बाई येतात आणि संध्याकाळी ठकी तिचे पाय हलवून देते.

“रोज?”

“रोज.”

“कोणी सांगितलं म्हणून?”

“नाही. ती हसवते मला.”

ताईला एकदम दिवा लागल्यासारखं झालं. एवढी मार्कांच्या मागे लागलेली पोरगी आणि रोज संध्याकाळी आत्याचा पाय मांडीवर घेऊन बसते. खरं होतं, गोड होतं, आणि त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

मग पहिली सराव-मुलाखत. सर पलीकडे बसायचे, हातात पेन. आणि त्यांची एक सवय ऑफिसात सगळ्यांना पाठ होती, कंटाळा आला की ते पेन टेबलावर आडवं ठेवायचे. बोलायचे काही नाहीत. पेन आडवं झालं की समजायचं, मुलाखत घेणारे इथे झोपले. कितीतरी पोरं त्या पेनाकडे बघत बघत रडलेली होती. ठकीने आत्याचं सांगायला घेतलं, पडली, ऑपरेशन झालं, मी व्यायाम घेते, आता आत्या बरी होतेय. आणि ‘बरी होतेय’ म्हटल्याबरोबर पेन आडवं.

“बरी होतेय, चांगलंय,” सर म्हणाले. “मग मी काळजी कशाला करू? सगळ्यांच्या आत्या बऱ्या होतात, बेटा.”

बाहेर आल्यावर ताईने तिला समजावलं, नेहमी समजावते तसंच. “हे बघ, मनाला लावून घेऊ नकोस. सर काय म्हणतायत, तर रस्ता फार सरळ वाटतोय. मध्ये काहीतरी अडचण दिसली पाहिजे. तू कुठे कमी पडलीस, कुठे एकटी पडलीस, ते.”

ठकीने मान हलवली. मग विचारलं, “म्हणजे ती इतक्यात बरी नाही झाली तर चांगलं?”

“अगं तसं नाही गं,” ताई म्हणाली आणि हसली. “फक्त अडचण हवी.”

झालं. एवढंच बोलणं. जिन्यावर उभं राहून, पुढच्या पालकांचा फोन वाजत असताना.

पुढच्या वेळी ठकी आली तर गोष्ट पुढे सरकलेली. व्यायामवाल्या बाई आता येत नाहीत. सगळं तिच्यावर आलंय. अभ्यास सोडून सकाळचंही तीच करते, आत्या ओरडते, पाय आखडलाय. सांगितलं अगदी शांतपणे, पण नेमक्या जागी थांबून, आणि सरांचं पेन हातातच राहिलं. ताईला काय वाटलं असेल? आनंद झाला हो. बाकी काय. यंदा तिची पोरं लागली तर काचेची खोली कायमची तिची, असं सरांनी सूचित केलेलं, आणि ही पोरगी लागणार हे आता तिला स्वच्छ दिसत होतं. शेजारच्या टेबलावर तिची मैत्रीण बसायची, चष्मिष, ती म्हणाली, “तुझी ती बाहुली बोलायला लागली वाटतं.” ताई म्हणाली, “मी बोलायला लावते, बघत राहा.”

त्याच्या पुढच्या वेळी आत्या पुन्हा पडली होती. पलंगावरून उतरताना. फार लागलं नाही, पण आता ती उठतच नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असते. सर पुढे झुकून ऐकत होते. शेवटी ते म्हणाले, “आता मला झोप येणार नाही.” सरांच्या तोंडून याहून मोठं कौतुक कोणी ऐकलेलं नव्हतं.

ठकी जाताना दारात थांबली. “ताई, अजून काही हवंय का?”

आता हे वाक्य तसं रोजचं. पोरं विचारतातच, अजून काही सुधारायचं का, अजून काही हवंय का. पण त्या दिवशी ते ताईच्या कानाला खटकलं. ‘अजून काही हवंय का’ असं दुकानदार विचारतो, आणि मग आत जाऊन काढून आणतो.

ताईने मनाची समजूत घातली. मग पुन्हा घातली. तिसऱ्या वेळी समजूत पटेना, तेव्हा एका दुपारी ती सरळ ठकीच्या घरी गेली. थोडे बारकावे हवेत, खोली कशी आहे, खिडकी कुठे आहे, असं सांगून.

तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार आईने उघडलं. ठकी क्लासला गेलेली. आत्याची खोली मागच्या बाजूला, खिडकीखाली पलंग, आणि पलंगावर ही एवढीशी बाई, केस पांढरेफटक, डोळे मात्र लख्ख.

“तू ती गोष्टवाली ना?” आत्या म्हणाली. “बस. पायाशी बसू नकोस, तो पाय भाड्याचा आहे.”

ताईला हसू आलं. ठकी म्हणाली होती ते खरं होतं, ही बाई हसवायची.

“बरं वाटतंय का आता?”

“मला काय धाड भरलीय? मी तर दारापर्यंत जात होते. वॉकर धरून, नवरीसारखी. मग ती व्यायामवाली गेली रजेवर. वहिनी म्हणाली, डॉक्टरांनी आराम सांगितलाय. आराम तर आराम. वॉकरपण नेला, दुरुस्तीला. त्याला काय दुरुस्त करायचं असतं गं? चार पाय तर असतात, माझ्यापेक्षा दोन जास्त.”

“मग पडलात कशा?”

“वॉकर आहे असं समजून हात टाकला,” आत्या म्हणाली. “तिथे नव्हता.”

ताईने पलंगाशेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. 

आत्याने आवाज खाली आणला. “ती बाई सांगून गेली होती. पाय पडून राहिला तर कायमचा जाईल, म्हणाली. आणि एकदा पडून राहिला आणि मग घाईने चालवला, तर त्याहून वाईट, सगळं परत मोडेल. मी ठकीला सांगितलं. ती म्हणाली, आत्या, थोडेच दिवस, माझी मुलाखत होऊ दे, मग सगळं करू. तिचा जीव गुंतलाय गं त्या कॉलेजात. माझ्यामुळे तिचं काही अडायला नको.”

ताई पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेली आणि तिथून मागच्या बाल्कनीत नजर गेली. वॉशिंग मशीनच्या मागे वॉकर उभा. त्याच्यावर मोजे वाळत घातलेले.

आईने तिची नजर पाहिली. पण गडबडली वगैरे अजिबात नाही. ग्लास विसळत म्हणाली, “एवढ्या महिन्याचाच तर प्रश्न आहे, ताई. वन्सं कुठे पळून जाणारेत? मुलाखत झाली की परत बोलावू त्या बाईंना. आणि आम्ही आपल्या मनाने काही केलेलं नाही हं. तुम्हीच म्हणालात ना, अडचण हवी.”

 तेव्हाच, तिथेच, त्या ओट्यापाशी तिने म्हणायला हवं होतं की हे बंद करा. तीन शब्द. जिभेवर आलेही होते. पण मग काय झालं असतं? आईने सरांना फोन केला असता, सर म्हणाले असते तू घरी कशाला गेलीस, ठकी बिथरली असती, काचेची खोली गेली असती. आणि खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत तिची जीभ एकाच वाटेने चालायला शिकली होती. पालकांना कधी नाही म्हणायचं नाही, त्यांना दुसरं काहीतरी द्यायचं. तर तिने तेच केलं. तिला वाटलं, आपण फार हुशारीने केलं.

ती म्हणाली, “उलट मी तेच सांगायला आले होते. आता अडचण पुरे झाली. या वर्षी कॉलेजवाल्यांना शेवट उमेदीचा लागतोय. सगळे रडके शेवट करतात, त्यांना कंटाळा आलाय. आत्या उठली पाहिजे. ठकीच्या मदतीने चालली पाहिजे. तो शेवट.”

आईचा चेहरा उजळला. “हे आधी सांगायचंत की.”

“ठकीला सांगाल ना?”

“आल्या आल्या सांगते.”

ताई जिना उतरली तर जीव हलका झालेला. वॉकर बाल्कनीतून बाहेर येणार, व्यायामवाली बाई परत येणार, आत्या दारापर्यंत जाणार, ठकीला गोष्ट मिळणार, कोणाचंच काही बिघडणार नाही. खोटं एक अक्षर नाही. दोन-तीन दिवस ती ऑफिसात गाणं गुणगुणत होती म्हणे.

मग मुलाखतीच्या आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने सगळं चष्मिषला सांगितलं, जरा मिरवतच. चष्मिष डबा खात ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा घास हातात राहिला.

“एक मिनिट,” ती म्हणाली. “तू त्यांना नक्की काय सांगितलंस? थांबा म्हणालीस, की शेवट बदला म्हणालीस?”

“तेच ते.”

“तेच कसं? त्या पोरीला तू आत्तापर्यंत जे जे सांगितलंस, ते तिने घरी करून दाखवलंय. अडचण म्हणालीस, अडचण केली. आता चालायला हवी म्हणालीस. आणि मुलाखत कधी आहे?”

“उद्या.”

चष्मिषने डब्याचं झाकण लावलं फक्त.

ताईने तिथूनच फोन लावला. आई उचलेना. ठकी उचलेना. पुन्हा लावला. तेवढ्यात आईचाच मेसेज आला, एक व्हिडिओ. ताईने सुरू केला. आत्या पलंगाशेजारी उभी. वॉकर नाही, ठकीच्या खांद्यावर हात. तोंड पांढरं पडलेलं, ओठ दाबून धरलेले, गुडघा असा थरथरतोय की परकर हलतोय. मागून आईचा आवाज, “हसा ना वन्सं, थोडं हसा.” आणि आत्या हसते. खाली आईने लिहिलेलं, ‘खोलीत फार साधं वाटतंय. ठकी म्हणते जिना घेऊ.’

मग काय, ताई पळाली. पर्स टेबलावर, चप्पल कशीबशी पायात, रिक्षा मिळाली तर सिग्नल लागला, सिग्नल सुटला तर पुढे रस्ता खणलेला, ती उतरली आणि भर उन्हात धावत सुटली, आणि धावताना फोन लावत होती आणि तो नुसता वाजत होता. तिच्या डोक्यात एकच. आत्ता पडली असेल. आत्ता. आता पडली असेल.

इमारतीत शिरली तर सगळं शांत. दुपारची वेळ, दारं बंद. आणि वरून, कुठूनतरी वरून, ठकीचा आवाज. अगदी प्रेमळ.

“अजून एक, आत्या. एकच. खाली बघू नको, माझ्याकडे बघ.”

ताई जिना चढायला लागली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आई उभी होती, भिंतीला पाठ लावून, मोबाइल वर धरून. तिने ताईकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं, शूटिंग चाललंय म्हणून. आणि तिच्या वर, जिन्याच्या मधोमध, अर्धा जिना उतरवून आता परत वर चढवत आणलेली आत्या. अंगावर बाहेर जायचे कपडे, केस विंचरलेले. एका हाताने कठडा धरलेला, बोटं पांढरी. दुसरा हात ठकीच्या हातात. मोडलेला पाय एका पायरीवर, चांगला पाय वरच्या पायरीवर, आणि दोन्ही पाय जागचे हलत नव्हते.

ताई आईला ओलांडून वर गेली. मोबाइलच्या समोरून. आत्याच्या खालच्या पायरीवर जाऊन तिने तिच्या कमरेभोवती हात घातला आणि खांदा तिच्या बगलेखाली लावला, तर त्या एवढ्याशा बाईचं सगळं वजन एकदम तिच्यावर आलं. आत्याने श्वास सोडला, कितीतरी वेळ धरून ठेवल्यासारखा.

“आलीस होय,” आत्या पुटपुटली. “मला वाटलं, मीच उतरणार आता सगळे मजले.”

“ठकी, हे बंद,” ताई म्हणाली. शेवटी म्हणाली. “आत्ता बंद. ही गोष्ट तू उद्या सांगायची नाहीस. कुठेच सांगायची नाहीस. मी सरांना सांगते.”

ठकी वरच्या पायरीवरून तिच्याकडे बघत होती. चिडली नव्हती, घाबरली नव्हती. ताईने एखादी सूचना केली की ती जशी नीट ऐकून घ्यायची, तशीच ऐकून घेत होती.

“पण सरांचा सकाळी फोन आला होता,” ती म्हणाली. “मी त्यांना विचारलं. तुम्ही म्हणालात चालली पाहिजे, आणि आधीचं त्यांना आवडलं होतं, की ती उठतच नाही. मग नक्की काय सांगू?”

“काय म्हणाले सर?”

“म्हणाले, दोन्ही शेवट तयार ठेव.”

 खाली आईच्या हातातला मोबाइल तसाच वर धरलेला होता.

मग आत्या म्हणाली, “दोन्ही म्हणजे काय गं ठके?”

 ठकीच्या हातात आत्याचा हात होता, मनगटापाशी. तिने तो धरला होता असं म्हणता येत नव्हतं आणि सोडला होता असंही म्हणता येत नव्हतं.

“आत्या, बसा,” ताई म्हणाली. “इथेच, पायरीवर. माझ्यावर भार टाका आणि हळूहळू बसा. हिच्याकडे बघू नका.”

आत्या वाकायला लागली. कठड्यावरचं एकेक बोट सुटायला लागलं. ताईने दोन्ही पाय रोवले, घाम डोळ्यांत उतरत होता, आणि तिला वर बघायचं नव्हतं, पण तिने बघितलं. ठकी अजूनही तिथेच उभी होती, मान किंचित तिरपी करून, आणि कोणता शेवट घ्यायचा ते ठरवत असल्यासारखी त्या दोघींकडे बघत होती.

“ताई,” ती म्हणाली, “तुम्ही पण दमलात का?”